घराला कॅमेरे लावून अकरा महिने झाले

मार्च २०२४ मध्ये आमच्या मागच्या गल्लीत भरदुपारी घरफोडी झाली. घरातली माणसं लग्नाला गेली होती. चोरांनी कडी-कोयंडा उचकटला, कपाट रिकामं केलं आणि जिन्याने खाली उतरून निघूनही गेले. त्याच रात्री आमच्याकडे फर्मान निघालं: मे महिन्यात गावाला जायच्या आत कॅमेरे लागले पाहिजेत.

आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात राहतो. तीन मजली, चाळीसेक वर्षं जुनी इमारत. वॉचमन फक्त रात्रीचा, तोही पंपाच्या खोलीशेजारी खुर्ची टाकून बसणारा. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. एप्रिल २०२४ मध्ये दोन वाय-फाय कॅमेरे, त्यांची मेमरी कार्डं, मुख्य दाराचा सेन्सर आणि टेबललॅम्पसाठी एक स्मार्ट प्लग घेतला. राउटरचा छोटा यूपीएस मागाहून घ्यावा लागला. एकूण खर्च ८,९०० रुपये. कंपन्यांची नावं देत नाही. या किमतीचा कुठलाही माल घेतला तरी अनुभव फारसा वेगळा येईल असं वाटत नाही.

बसवायला तासभर लागला, त्यातली चाळीस मिनिटं फुकट गेली. हे कॅमेरे २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवरच चालतात आणि माझा फोन ५ गिगाहर्ट्‌झवर होता. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं दिल्यावर काम झालं. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, पण कोण वाचतंय.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी आली. पॅसेजमधल्या कॅमेऱ्यात आमच्या दारासोबत समोरच्या काकूंचंही दार दिसत होतं. काकूंनी सकाळी दूध घेता घेता वर बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, मी गाउनवर कचरा ठेवायला बाहेर येते, ते तू ऑफिसात बसून बघणार का?" मला काही बोलताच येईना. कॅमेरा तिरका केला आणि ॲपमध्ये त्यांच्या दाराचा भाग काळा करून टाकला. तशी सोय बऱ्याच ॲपमध्ये असते. सेक्रेटरींना दोन ओळींचं पत्रही दिलं. पॅसेज सगळ्यांचा असतो, हे आधीच सुचायला हवं होतं.

मे महिन्यात नऊ दिवस गावाला गेलो. कणकवलीपासून आत आमचं गाव, धड रेंज फक्त अंगणातल्या आंब्याखाली. पहिल्या रात्री पावणेतीनला फोन वाजला: हॉलमध्ये हालचाल. काळजाचं पाणी झालं. उशाची बॅटरी घेऊन आंब्याखाली गेलो आणि व्हिडिओ उघडला. पडदाभर एक पांढरीफटक आकृती, बोटं पसरलेली, पोट धपापतंय. पाल होती, थेट काचेवर. कॅमेऱ्याजवळ किडे येतात आणि किड्यांमागे पाल. नऊ दिवसांत अशा पंचवीस-तीस सूचना आल्या. चौथ्या दिवसापासून मी त्या उघडणंच बंद केलं. खरा चोर आला असता तर त्याचीही सूचना त्या पालींबरोबर पुसली गेली असती. परत आल्यावर "फक्त माणूस दिसला तर कळव" हे सेटिंग सुरू केलं, संवेदनशीलता कमी केली, आणि आता दर पंधरवड्याला काचेवरची कोळिष्टकं कोरड्या फडक्याने पुसतो. सूचना दहाव्या हिश्शावर आल्या.

दुसरा धडा कार्डाचा. विक्रेता म्हणाला होता, ६४ जीबी भरपूर झालं. हिशेब साधा आहे. सेकंदाला एक मेगाबिट या गतीने सलग रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला पावणेअकरा जीबीच्या आसपास जातात. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरतं आणि पहिल्या दिवसावर सातवा दिवस लिहिला जातो. आम्ही नऊ दिवस बाहेर होतो. निघालो त्या रात्री काय झालं ते बघायचं म्हटलं तर काहीच उरलं नव्हतं. आता सलग रेकॉर्डिंग बंद, हालचाल झाली तरच सुरू. शिवाय हॉलमधल्या कॅमेऱ्याचं साधं कार्ड पाच महिन्यांत मेलं, रोजचं लिहिणं-पुसणं त्याला झेपलं नाही. कॅमेऱ्यासाठी म्हणून वेगळी, जास्त टिकणारी कार्डं मिळतात, तीच घ्या. आणि चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जातं, म्हणून पॅसेजच्या कॅमेऱ्यापुरतं क्लाउडचं, म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवर साठवायचं, महिन्याचं शुल्क मी भरतो. कुरकुरत, पण भरतो.

आता दाराच्या सेन्सरबद्दल. याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. वस्तू अगदी किरकोळ. एका तुकड्यात लोहचुंबक, दुसऱ्यात स्विच, आत नाण्याएवढा सेल. एक तुकडा दाराला, दुसरा चौकटीला चिकटवायचा. दोन्ही दूर गेले की फोनवर "दार उघडलं". एप्रिल ते जून बिनबोभाट चाललं. जुलैत पाऊस लागला आणि मी ऑफिसात असताना दिवसातून तीन-तीनदा "दार उघडलं" यायला लागलं. बायको घरात, दार बंद, तरी तेच. एका स्टारचा रिव्ह्यू लिहायला बसलोही होतो.

बायको म्हणाली, "दार फुगलंय, नीट बसत नाही, सुताराला बोलव." सुतार आला. दाराची कड रंध्याने घासली, दार ओढून बघितलं, मग कोयंडा बोटाने हलवून बघितला आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. दोन वेढ्यांत स्क्रू हातात आला. जेमतेम अर्ध्या इंचाचा. त्याच्या मागोमाग भोकातून पिवळसर भुगा सांडला, चमचाभर तरी. चौकट आतून वाळवीने खाल्ली होती. बाहेरून ऑइलपेंटचा थर तेवढा शाबूत. त्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं तर ते लाकडात मुठीपर्यंत गेलं. "साहेब," तो म्हणाला, "कॅमेरा कशाला लावलाय? लाथ मारली की दार आत."

दार फुगून किंचित पुढे आलं होतं, त्यात चौकट ढिली. त्यामुळे चुंबकाचं अंतर वाढलं आणि सेन्सर बोंबलत होता. सेन्सरचं म्हणणं अगदी खरं होतं, मीच त्याला सदोष ठरवत होतो. चौकटीची ती बाजू बदलली, वाळवीचं औषध मारलं, कोयंड्याला तीन इंची स्क्रू आरपार भिंतीपर्यंत घातले. जांभळी नाक्यावरून सेफ्टी डोअरसाठी तीन बोल्टचं कुलूप आणलं. वरच्या कडीसाठी बाहेरून दिसणारं टाळं लावायचं सोडून दिलं, कारण दारावर लोंबणारं टाळं म्हणजे घरात कुणी नाही याची पाटीच. या सगळ्याला साडेसात हजार लागले. माझ्या मते अकरा महिन्यांतला हा सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च, आणि तो सेन्सरच्या ९०० रुपयांमुळे झाला.

सप्टेंबरात गणपतीला पुन्हा गाव. चतुर्थी ७ तारखेला होती, आम्ही दोन दिवस आधी रात्रीच्या कोकणकन्येने निघालो. आरती चालू असताना दोन्ही कॅमेरे ऑफलाइन. तासभर वाट बघून काकूंना फोन केला. त्यांच्याकडे आमची किल्ली असते. त्या म्हणाल्या, "लाइट गेलेत रे बिल्डिंगचे, तुझ्या घरात कुणी आलं नाही." वीज आली तरी कॅमेरे आले नाहीत. काकूंनी दार उघडलं, मी व्हिडिओ कॉलवर, आणि त्यांनी टॉर्च धरून आमचा मेन एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप पडणारा खटका, वर केला. तो पडला होता. फ्रिजही बंदच होता, म्हणजे मलईचं भांडं वाचलं ते कॅमेऱ्यामुळे की काकूंमुळे, यावर घरात अजून वाद आहे. परतल्यावर राउटरला यूपीएस जोडला. साधारण तीन तास टिकतो. कॅमेऱ्यांना तो नाही, पण राउटर जिवंत असला की सेन्सरचा निरोप तरी येतो, तो सेलवरच चालतो.

नोव्हेंबरात भाऊबीज झाल्यावर बदामी-हंपीला गेलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा सगळं ऑफलाइन. या वेळी वीज होती, यूपीएस होता, सगळं होतं. ब्रॉडबँडचा रिचार्ज संपला होता! बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून मी बिल भरलं. आता निघण्यापूर्वी गॅसचा कॉक आणि पाण्याचा व्हॉल्व बघतो तशी रिचार्जची तारीखही बघतो. तिथेच बसल्या बसल्या आणखी एक गोष्ट डोक्यात आली. ११२ ही तातडीच्या मदतीची फोन-व्यवस्था राज्यनिहाय चालते. कर्नाटकात उभं राहून ११२ फिरवला तर फोन उचलणार कर्नाटकातलं केंद्र. त्यापेक्षा नौपाड्यातल्या आपल्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर फोनमध्ये हवा. परत आल्या आल्या चौकीत जाऊन तो घेतला.

स्मार्ट प्लगबद्दल थोडक्यात. संध्याकाळी सातच्या सुमाराला लॅम्प लागतो, दहाच्या पुढेमागे विझतो, वेळ रोज थोडी बदलते. इतका पटण्यासारखा चालला की दिवाळीच्या सुट्टीत वॉचमन पोस्त मागायला तीनदा बेल वाजवून गेला. कॅमेऱ्यात दिसला बिचारा.

दागिने आम्ही प्रवासाआधी लॉकरमध्ये ठेवतो. पण लॉकर म्हणजे विमा नव्हे हे लक्षात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी अशा प्रकारांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच आहे. भाडं २,००० असेल तर २ लाख. आजच्या सोन्याच्या भावात ते किती होतं, हिशेब करून बघा.

तर घ्यावं का? पॅसेजचा कॅमेरा हो, पुन्हा घेईन. हॉलमधला नसता तरी चाललं असतं, तो आता सासूबाई एकट्या असताना त्यांनी गोळी घेतली का ते बघायला जास्त वापरला जातो, आणि त्याही तो भिंतीकडे वळवून ठेवतात. सेन्सर डोळे झाकून घ्या. पण आधी सुताराला बोलवा, नंतर ऑनलाइन ऑर्डर करा.

काकू आता लेकीकडे पुण्याला महिनाभर जायच्या आहेत. त्यांनी परवा माझ्याकडून तस्साच कॅमेरा मागवून घेतला. मीच बसवून दिला. त्यात आमचं अख्खं दार दिसतं. मी काही बोललो नाही, फक्त कचरा ठेवायला जाताना आता शर्ट घालतो.