निर्मळजवळची बिनपाटीची खाणावळ

या खाणावळीला पाटी नाही, त्यामुळे नाव लिहायचा प्रश्न येत नाही. नालासोपारा पश्चिमेहून निर्मळला या, तळ्यापाशी उतरा आणि कुणालाही विचारा, "मावशींकडे जेवण कुठे मिळतं?" निम्मे लोक हसून बोट दाखवतील. उरलेले वसई-विरारच्या नव्या इमारतींतले असतील, त्यांना माहीत नसेल. केळीच्या वाडीतून जाणारी पायवाट, मग विहीर, मग घराची पडवी. पडवीत चार टेबलं. एक लंगडं आहे, त्यावर बसू नका.

मी वसईचाच, कुपारी ख्रिस्ती. एकतीस वर्षं याच गावांतून टपाल वाटलं आणि आता निवृत्त आहे. माझं आडनाव पोर्तुगीज, त्यामुळे बदलून आलेला प्रत्येक साहेब पहिल्या दिवशी विचारायचा, "गोव्याचे का?" इथलाच म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, "तरी मराठी छान बोलता हो!" आता घराघरांत मराठी पत्ते वाचत फिरणाऱ्या माणसाने मराठी नाही तर काय बोलावं? पण साहेबाला उलट कोण बोलणार. आम्ही घरी कादोडी ही इथली बोली बोलतो आणि इथले सामवेदी ब्राह्मणही तीच बोलतात, हे सांगितलं की समोरचा असा बघतो, जणू मी थाप मारतोय.

यंदा कार्तिकात निर्मळची जत्रा भरली तेव्हा माझे जुने सहकारी आणि त्यांची बायको विरारला मुलाकडे आले होते. दापोलीकडची माणसं. ऑफिसात आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो, म्हणून त्या वहिनी. शंकराचार्यांच्या समाधीचं दर्शन झालं, सुकेळी घेऊन झाली (आगाशीची राजेळी, उन्हात वाळवलेली, यंदा भाव ऐकून वहिनींनी अर्धाच किलो घेतली), आणि भाऊ म्हणाले, "आता तुमच्याकडचं जेवू." एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, त्यामुळे अडचण नव्हती. मी त्यांना मावशींकडे नेलं.

आधी तक्रार. बसल्यापासून ताट यायला पाऊण तास लागला. मावशी आणि त्यांची सून, एवढीच माणसं, आणि जत्रेची गर्दी. पाणी मागितल्यावर आलं. हात धुवायची जागा मागच्या अंगणात आहे, तिथे साबण नव्हता.

त्या पाऊण तासात मात्र एक गोष्ट झाली. पडवीच्या भिंतीला लांब फळी आहे. तिच्यावर बियरच्या तपकिरी बाटल्या, पंधरा-वीस तरी, ओळीने. वहिनींनी बाटल्या पाहिल्या, मग भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी छताकडे पाहिलं. ख्रिस्त्याचं घर आणि बाटल्या, म्हणजे झालंच. मी मुद्दामच काही बोललो नाही. मावशी पाण्याचे पेले ठेवायला आल्या, त्यांनी वहिनींची नजर टिपली, एक बाटली उतरवली, बूच काढलं आणि चिमूटभर मसाला वहिनींच्या तळहातावर ठेवला. "वास घ्या."

तो बाटली मसाला. मे महिन्यात मिरच्या वाळवायच्या, वीस-पंचवीस जिन्नस एकेक करून वेगळे भाजायचे, बायकांनी उखळात मुसळाने कांडायचे आणि काठीने ठासून बाटलीत भरायचे. गडद काचेतून उजेड फारसा आत जात नाही, म्हणून रंग वर्षभर टिकतो. बियरच्या बाटलीचा तेवढाच उपयोग. आमच्यात पिणारे नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत, आणि लग्नात तर जरा जास्तच आहेत. पण त्या फळीवर मिरची-धणे होते. वहिनींनी तळहात दोनदा हुंगला आणि विचारलं, "यात दगडफूल घालता का?" मग दोघींचं जे सुरू झालं ते ताट येईपर्यंत संपलं नाही.

जेवणाचं सांगतो. मावशींची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की ऑर्डर घ्यायच्या आधी त्या सरळ विचारतात, "डुकराचं चालतं? नसेल तर त्याची कढई, डाव सगळं वेगळं आहे, बघायचं तर आत या." कुजबुज नाही, आडपडदा नाही. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तरी आमच्याकडे जेवायला आलेल्या माणसाच्या मनात गोमांसाचा प्रश्न असतोच, फक्त तो विचारत नाही. न विचारताच भाताचा एक घास खाऊन "भूक नाही" म्हणतो. मावशी म्हणतात, माणूस उपाशी उठण्यापेक्षा मीच आधी बोललेलं बरं. वहिनी खरंच आत जाऊन कढया बघून आल्या. मावशींना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, थोडंसं. पण ते माझ्यापाशी.

भाऊ आणि वहिनींनी बोंबलाचं ताट घेतलं, २५० रुपये. दोन तळलेले बोंबील, बाटली मसाल्यातलं कालवण, केळफुलाची भाजी, तांदळाच्या भाकऱ्या, भात. कालवण अव्वल. चिंचेचा आंबटपणा नेमका, नारळाचा भडिमार नाही. भाऊंना नारळ कमी वाटला, पण दापोलीच्या माणसाला तो कुठेही कमीच वाटणार. केळफूल इतकं बारीक चिरलेलं की वहिनींनी तीनदा विचारलं, हे नक्की केळफूलच ना. भात मात्र साधा, रेशनचा वाटला. वाडा कोलम पिकवणारा वाडा तालुका आपल्याच जिल्ह्यात असताना असा भात का?

मी सरपटेल घेतलं, म्हणजे डुकराच्या मांसाचं व्हिनेगर घातलेलं कालवण, २८० रुपये. खरं सांगायचं तर त्या दिवशी व्हिनेगर जास्त झालं होतं. सरपटेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुरतं, हे सकाळचं असावं.

आणि फुगे. मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल फुगे, आतून पोकळ. पूर्वी पीठ आंबवायला ताडी घालायचे, आता यीस्ट. साठ रुपयांना सहा. गरम आले तेव्हा सुरेख होते, दहा मिनिटांत चिवट झाले. येताक्षणी खा, गप्पा नंतर.

पण गप्पा फुग्यांवरूनच निघाल्या. वहिनींनी एक फुगा मोडला, तसाच हातात धरला आणि म्हणाल्या, "राग मानू नका. माझी आजी सांगायची, फिरंग्यांनी विहिरीत पाव टाकला, लोक नकळत पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं. तुमचं तसंच का?"

ही गोष्ट कोकणात बाणकोटपासून बांद्यापर्यंत कुठेही ऐका, विहीर तेवढी बदलते. मी लहानपणी तीच गोष्ट शाळेत मारामारीच्या आधी ऐकलीय, शेवटी "बाटग्या" जोडून. इतक्या साध्या आवाजात, हातात आमचाच फुगा धरून, ती मला पहिल्यांदाच कुणी विचारली. आमच्यातल्या बऱ्याच जणांची यावर दोनच उत्तरं असतात. एक तर भडकायचं, नाही तर "तसं काही झालंच नाही" म्हणायचं. दुसरं उत्तर खोटं आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, त्यानंतर इथली देवळं पडली आणि जबरदस्तीही झाली. ते कबूल करताना माझ्या ख्रिस्तीपणाला काही धक्का लागत नाही. मी वहिनींना तेवढंच सांगितलं. आणि हेही की १७३९ला चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, फिरंगी निघून गेले आणि आम्ही मागे राहिलो. नुसते पावाच्या पाण्याने बाटलेलो असतो तर तेव्हाच परत फिरलो असतो की. पुढच्या पिढ्यांनी जे धरून ठेवलं, ते आपखुशीने.

भाऊ म्हणाले, "नाशकाला नारोशंकराच्या देवळात घंटा आहे, ती वसईचीच म्हणतात." आहेच. तुमच्या देवळात आमची घंटा आणि आमच्या देवळाखाली कुठे कुठे तुमचा दगड, असं मी म्हणालो. वहिनींना ते पटलं की नाही कळलं नाही, त्यांनी दुसरा फुगा घेतला.

मावशी आतून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "ती समोरची विहीर बघा. लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही वाजतगाजत विहिरीचं पाणी आणतो. उंबराचं पाणी म्हणतात." वहिनी लगेच म्हणाल्या, "आमच्याकडे देवकाला उंबर लागतोच."

आणि मग, ताटात शेवटचा भात राहिला असताना, वहिनींनी मला विचारलं, "त्या गणपतीत तुमचं पोट खरंच बिघडलं होतं का हो?"

१९९४ची गोष्ट. भाऊ तेव्हा वसईला भाड्याच्या खोलीत राहायचे, दीड दिवसाचा गणपती आणायचे. सगळं ऑफिस गेलं होतं. वहिनींनी केळीच्या पानावर उकडीचे मोदक वाढले आणि मी म्हणालो, पोट बिघडलंय. बिघडलं नव्हतं. त्या वर्षी मी नव्याने एका प्रार्थनागटात जायला लागलो होतो, तिथे प्रसादाबद्दल कुणीतरी फार कडक बोललं होतं. वर दुपारी भाऊंच्याच समोर मी दोन वडापाव खाल्ले. आणि याच घरी मी दर नाताळला न चुकता फराळाचं ताट पाठवत होतो! केकात अंडं, तरी भाऊंच्या आई सोडून सगळ्यांनी तो खाल्ला, चांगला झालाय म्हणून निरोपही दिला.

मी खरं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मला वाटलंच." एवढंच. रागावल्या नाहीत, पण तीस वर्षं लक्षात ठेवलं होतं, त्यात सगळं आलं.

खाणावळीच्या परीक्षणात हे कशाला, असं कुणी म्हणेल. मला ते दोन्ही वेगळं वाटत नाही. आम्ही ताट द्यायला पटाईत, घ्यायला कच्चे. नाताळला येशूजन्माचा गोठा बघायला बोलावतो, सार्वजनिक गणपतीच्या मांडवात मात्र पावती फाडून दारातूनच निघतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत आली, पण लग्नपत्रिका आजही इंग्रजीत छापतो, चर्चबाहेरची सूचनाही बऱ्याचदा इंग्रजीत. मग लोकांनी गोव्याचे का विचारलं की नाराज होतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात आम्ही ख्रिस्ती जेमतेम अकरा लाख, शंभरात एकही पुरता नाही. बहुतेक मराठी माणसांनी ख्रिस्ती घराचा उंबरठा कधी ओलांडलेलाच नसतो. त्यांना आम्ही सिनेमातून माहीत, तिथे आमच्या हातात बाटलीच असते.

वसईचे लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा काहींनी विरोध केला, धर्मगुरू कसा चालेल म्हणून. वसईत तो प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. कारण इथे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस विहिरींचं पाणी टँकरने उपसून न्यायला लागले तेव्हा हरित वसई चळवळीच्या मोर्च्यात तेच पुढे होते, आणि मागे आगरी, वाडवळ, ब्राह्मण, कुपारी सगळे. विहीर आटायला लागली की तिच्यात कुणी काय टाकलं होतं ते मागे पडतं. मी त्या दिवसांत टपाल वाटताना एकेका घरी तासभर अडकायचो, जो तो पाण्याबद्दलच बोलायचा.

असो. मावशींकडे परत. गणपतीत आणि श्रावणात त्या शाकाहारी ताट करतात, आधी सांगितलं तर कांदा-लसणाशिवायही. मागणी फार नसते, कारण लोकांना ते माहीतच नाही. त्यांना स्वतःला सांगायची सवय नाही, दारात आलेल्यालाच सांगतात.

माझे गुण पाचपैकी चार. एक कापला तो उशीर, साबण आणि भात यांचा मिळून. सरपटेलाचे वेगळे कापत नाही, जत्रेचा दिवस होता. रविवारी साडेनऊपर्यंत जाऊ नका, मावशी मिस्साला असतात. इतर दिवशी साडेबारा ते तीन. चाराहून जास्त माणसं असाल तर आदल्या दिवशी सांगा. रोख पैसे न्या. बाटली मसाला विकत मिळतो, पण मोकळी बाटली आणून द्यावी लागते. वहिनींना मावशींनी ती अट घातली नाही. वहिनींनी पिशवीतली अर्धा किलो सुकेळी तिथेच ठेवली आणि मग विरारला जाताना जत्रेतून पुन्हा अर्धा किलो घेतली.

निघताना मी मावशींना म्हटलं, पाटी मी रंगवून देतो, मराठीत, माझं अक्षर बरं आहे. काय लिहू? त्या म्हणाल्या, "जेवण, एवढंच लिही. बाकीचं लोक आले की सांगते."

फळी आणून ठेवलीय, रंग अजून घेतला नाही. तोवर विचारत जा.