लोखंड कुठी जयते का, भाऊ?

येत्या उन्हाळ्यात ज्यांचं स्लॅबचं काम निघणार आहे, त्यांनी तरी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. व्यापारी पडेल भावात मागतो म्हणून आमच्याकडे माणूस कापूस घरातच भरून ठेवतो, कधी कधी झोपायच्या खोलीतसुद्धा. तीन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांच्या घरात असाच चाळीस क्विंटल कापूस होता. वायरिंगची ठिणगी पडली. वर सागवानाचे दांडे आणि कवेलू. तालुक्याहून अग्निशमनची गाडी येईपर्यंत आढं खाली आलं होतं. कापूस वरून विझलेला दिसत होता, पण आतून दोन दिवस धुमसत राहिला. माणसं वाचली. कोठ्यातली गाय सोडता आली नाही, तिचं हंबरणं आमच्या आईच्या कानातून अजून गेलेलं नाही.

म्हणून घर बांधायला काढलं तेव्हा एकच गोष्ट डोक्यात होती. खाली कापसाची खोली, वर आम्ही राहणार, तेव्हा मधलं छत आगीला दाद देणारं नको. ठेकेदार परका नव्हता, लग्नकार्यात भेटणारा, माझ्या वडिलांना काकाजी म्हणणारा. तो म्हणाला, "साधा स्लॅब कायले टाकता भाऊ? सहा इंची गर्डर टाकू, मधात काँक्रीट भरू. जुन्या जिनिंगचं छत पाहा, तसंच हाय, अजून उभं हाय. लोखंड कुठी जयते का भाऊ?"

या एका वाक्यावर मी काम दिलं.

लोखंड जळत नाही हे खरंच आहे. पण ते मऊ पडतं. लोहाराच्या भट्टीत लाल झालेला फाळ दोन घणांत वाकतो, हे आपण लहानपणापासून पाहतो, तरी छताच्या बाबतीत ते कोणाला आठवत नाही. साधारण साडेपाचशे-सहाशे अंश सेल्सियसला पोलादाची निम्मी ताकद गेलेली असते, आणि बंद खोलीत पेटलेली आग तिथपर्यंत काही मिनिटांत पोचते. शिवाय तापलेला गर्डर लांबतो. पंधरा फुटी गर्डर पाचशे अंशांनी तापला तर इंचभर वाढतो आणि भिंतींना बाहेर रेटतो. म्हणून उघडा गर्डर आगीत भरवशाचा नाही. त्याला चारही बाजूंनी काँक्रीटचं आवरण लागतं. काँक्रीट उष्णता हळूहळू आत जाऊ देतं आणि तापल्यावर पोलादाएवढंच फुगतं, म्हणून या दोघांची जोडी जमते. हे सगळं मला नंतर कळलं. माझा पुतण्या पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकतो, त्याने समजावलं.

आवरणाचं बोलणं मात्र आधीच झालं होतं. "जाळी बांधून दोन-दोन इंच काँक्रीट चढवू," हे त्याचेच शब्द. पण ते कागदावर आले नाहीत. माझ्याकडे फक्त एक वही आहे, त्यात मी दिलेल्या पैशांच्या तारखा आहेत आणि दोन ठिकाणी त्याची सही.

गर्डर आले ते अठरा फुटी, सहा नग. बिल ४९४ किलोचं, ७० रुपये किलोने. सोबत धरमकाट्याची पावती होती, ती पाहून मी गप्प बसलो. पावतीवर गाडीचा नंबर होता, भरलेलं वजन होतं, रिकामं वजन होतं. त्या गाडीत दुसऱ्या कोणाचंही लोखंड होतं का, ते आधी कुठे उतरलं, हे मी विचारलं नाही. कापूस वेचणीला आम्ही प्रत्येक बाईची वेच काट्याला लावतो, पाव किलो इकडचा तिकडे होऊ देत नाही. तोच काटा सपरीत टांगलेला होता आणि अंगणात लोखंड उतरत होतं.

स्लॅबची तारीख त्यानेच धरली. नेमकं त्याच दिवशी माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि हे त्याला माहीत होतं. मी रात्री परतलो तर स्लॅब पडून गेला होता. पुढे सेंट्रिंग काढलं तेव्हा गर्डरची खालची पट्टी तशीच उघडी. मी विचारलं तर म्हणाला, "खालून काँक्रीट धरत नाही भाऊ, गळून पडते. त्याच्यापेक्षा कंपनीचा फायरप्रूफ रंग मारून देतो." जाळी बांधली नाही, तर काँक्रीट धरत नाही, एवढं त्यातलं खरं होतं. रंगाचे १८,००० रुपये वेगळे लावले. करड्या रंगाचे दोन हात झाले आणि मी समाधानी होतो, हे सांगताना मला आजही त्रास होतो.

पहिल्या पावसाळ्यात छताच्या खालच्या अंगाला तांबूस रेघा उमटल्या, बरोबर सळाखांच्या ओळीत. दिवाळीत पुतण्या आला. सोलरची वायर खाली घ्यायला त्याने ड्रिल लावलं आणि भोकातून तार घालून मोजलं. पाच इंचांचा ठरलेला स्लॅब साडेतीन इंचांचा निघाला. त्याने आयएस ४५६ मधला, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाच्या भारतीय मानकातला तक्ता दाखवला. भिंतींवर नुसत्या टेकलेल्या स्लॅबला एक तास आग झेलायची असेल तर जाडी किमान ९५ मिलिमीटर आणि सळाखेच्या खाली २० मिलिमीटर काँक्रीट हवं. दोन तासांसाठी १२५ आणि ३५. आमचा स्लॅब नव्वदही भरत नव्हता. सळाख वर उचलून धरणारे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, घातलेच नव्हते, सळाखा थेट सेंट्रिंगच्या प्लेटांवर ठेवून वरून माल ओतला होता.

मग आम्ही उरलेलं शोधायला लागलो. गर्डर पंधरा फुटांवर कापले होते. तीन-तीन फुटांचे तुकडे ठेकेदार घेऊन गेला होता, पण एक पऱ्हाटीच्या ढिगाखाली राहिला होता. तो काट्याला लावला. सहा इंची प्रमाण गर्डरचं वजन मीटरला १५ किलोच्या आसपास असतं, म्हणजे तीन फुटांना पावणेचौदा किलो. आमचा भरला ९ किलो ६०० ग्रॅम. उंची बरोबर सहा इंच, रुंदीही दिसायला ठीक. मार होता तो पट्टीच्या जाडीत. आठेक मिलिमीटर हवी तिथे साडेपाच. तुळईची खरी ताकद वरच्या-खालच्या पट्टीतच असते, आणि तीच पातळ केलेली. हिशेब केला तर १४८ किलो लोखंड आलंच नव्हतं. दहा हजारांच्या वर पैसे त्या न आलेल्या लोखंडाचे. सळाखेचंही तसंच. आठ मिलिमीटरची सळाख मीटरला ३९५ ग्रॅम भरते, सात टक्के इकडेतिकडे चालतं. आमची ३२५ भरली. अंगावर ना कंपनीचं नाव, ना आयएसआयची खूण.

रंगाची परीक्षा घेतली ती आईच्या चुलीवर. खरा आगरोधक रंग तापला की फुगतो, त्याचा जाड फेसासारखा थर होतो आणि तो लोखंडाला झाकून धरतो. रंगाचा थोडा डबा उरला होता, त्यातलाच हात तुकड्यावर मारला, वाळवला आणि जाळावर धरला. रंगाने पेट घेतला. आई काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून आत गेली.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हे की छतातली चोरी एकदा माल ओतला की दिसत नाही. वाईट विटा दिसतात, वाकडी भिंत दिसते. काँक्रीटच्या पोटात काय गेलं ते फक्त ओतण्याच्या आदल्या दिवशी कळतं. तेव्हा सळाखेचा मीटरभर तुकडा कापून वजन करा, किराणा दुकानातला काटाही चालतो. गर्डर उतरायच्या आधी एक-एक काट्याला टांगा. पट्टीची जाडी व्हर्नियरने मोजा. प्लेट आणि सळाख यांच्यात बोट जातं का पाहा. फोटो काढा, त्यात तारीख येऊ द्या. आणि स्लॅबच्या दिवशी कोणाचंही लग्न असो, घर सोडू नका. गर्डरचं माप, वजन, स्लॅबची जाडी, आवरण हे सगळं स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. ठेकेदार नात्यातला असेल तर नक्कीच घ्या, कारण नात्यातल्या माणसाला नंतर विचारायला जीभ उचलत नाही. माझी उचलली नाही, त्यात चार महिने गेले.

विचारलं तेव्हा तो म्हणाला, "काकाजी असते तर असं बोलले नसते." मग मी यवतमाळच्या वकिलामार्फत नोटीस दिली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. घर बांधून देणं ही कायद्याने सेवाच धरली जाते; दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही, मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते. माझी बाजू कागदाअभावी लंगडी आहे, हे वकिलाने तोंडावर सांगितलं. वही, ड्रिलच्या भोकाचे फोटो, धरमकाट्याची पावती आणि तो तुकडा, एवढंच हाती आहे.

छत पाडणं परवडत नव्हतं. एका इंजिनिअरने येऊन पाहिलं आणि दोन कॉलम घेऊन मधोमध आडवा बीम घालायला लावला, म्हणजे गर्डरचा गाळा, दोन टेकूंमधलं अंतर, निम्मा झाला. गर्डरचा रंग खरवडून, जाळी वेल्ड करून, फळ्या बांधून दोन इंच काँक्रीट चढवलं. जाळी बांधल्यावर ते धरलं, एक ढेकूळही गळलं नाही. पण सळाखांखालचं कव्हर आणि स्लॅबची जाडी आता वाढत नाही, म्हणून त्याने स्पष्ट सांगितलं की या छताखाली कापूस ठेवायचा नाही. यंदाचा कापूस वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये आहे, रात्री मी तिथे राखणीला झोपतो. वरच्या खोल्या रिकाम्या आहेत. पोरं आजीजवळ, सपरीत झोपतात.