इंडेक्सचे पैसे घेतले, हाती ठेवला 'इन्व्हॅलिड'

महापे-रबाळे पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांनी हे जरूर वाचावं. डेटाबेसचं काम करून देतो म्हणत आमच्याकडून पैसे घेऊन गेलेला माणूस अजून याच भागात कामं शोधत फिरतोय.

आमचा धंदा न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमधलं जीपीएस नोंदींचं टेबल फुगत फुगत कोट्यवधी ओळींवर गेलं आणि गाडीनंबर टाकला की रिपोर्ट नुसता फिरत राहायचा. इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखा ओळी पटकन शोधून देणारा भाग, हवा हे आम्हालाही कळत होतं. पण तो बनवणारी साधी कमांड 'क्रिएट इंडेक्स' चालू असेपर्यंत टेबलात नवी नोंद जात नाही, आणि गाड्या तर रात्रंदिवस रस्त्यावर. म्हणून ओळखीतून एक एक्स्पर्ट बोलावला. "साहेब, एवढं मोठं टेबल साध्या पद्धतीनं होणारच नाही, माझं स्वतःचं टूल लागेल," म्हणत त्याने टूलच्या लायसन्सचे 45,000 रुपये आगाऊ घेतले. रात्री जागण्याचे पैसे वेगळे, तासावर.

मग एका सकाळी इंडेक्सच्या नावांची यादी दाखवून "झालं काम" म्हणाला आणि उरलेलं बिल वसूल करून गेला. रिपोर्ट होता तसाच रखडलेला. फोन केला तर "कॅश गरम व्हायला वेळ लागतो," म्हणजे डेटा मेमरीत यायला.

आमच्याकडे कळव्याहून एक मुलगी येते, नुकतीच लागलीय. तिने यादीवर विसंबून न राहता त्या टेबलाचीच माहिती उघडली आणि इंडेक्सची ओळ शेवटपर्यंत वाचली. अगदी टोकाला शब्द होता: इन्व्हॅलिड, म्हणजे वापरण्याजोगा नाही. नावांच्या यादीत हा शब्द येतच नाही, म्हणून त्याने तेवढीच दाखवली. लॉगमध्ये पहाटे चालू काम मध्येच रद्द केल्याची नोंद होती, त्याच्याच लॉगिनवरून. असा अर्धवट इंडेक्स शोधताना वापरला जात नाही, पण प्रत्येक नव्या नोंदीला त्याचाही भार पडतो. म्हणजे पैसे मोजून आम्ही टेबल आणखी हळू करून घेतलं!

ते 'टूल' सर्व्हरवर फाइल म्हणून पडलंच होतं. आत दोन ओळी: इंडेक्स बनवताना वापरायची मेमरी, म्हणजे 'मेंटेनन्स वर्क मेम', वाढवणारी, आणि नोंदी न थांबवता इंडेक्स बनवणारी 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली'. दोन्ही पोस्टग्रेसमध्ये फुकट आहेत.

पुढचं त्या मुलीनेच केलं. अर्धवट इंडेक्स काढून टाकला आणि 'कन्करंटली'नेच नव्याने बनवायला घेतला. 'कन्करंटली' लिहिणं थांबवत नाही, पण टेबल दोनदा वाचतं आणि आधीपासून उघडे असलेले ट्रान्झॅक्शन, म्हणजे डेटाबेसमधली अजून पुरी न झालेली कामं, संपायची वाट बघतं. हिशेब विभागाचं एक सेशन असंच उघडं लटकलं होतं, ते बंद केलं. 'मेंटेनन्स वर्क मेम' मुळात 64 एमबी असते, ती तेवढ्यापुरती 2 जीबी केली. पोस्टग्रेस 12 पासून 'पीजी स्टॅट प्रोग्रेस क्रिएट इंडेक्स' या व्ह्यूमध्ये, म्हणजे तयार तक्त्यात, काम कुठवर आलं ते दिसतं. तासावर पैसे मागणाऱ्याला तो समोर उघडायला लावा, आणि बिल देण्याआधी 'पीजी इंडेक्स' या पोस्टग्रेसच्याच टेबलातला 'इंडिसव्हॅलिड', म्हणजे इंडेक्स वापरण्याजोगा आहे का ते सांगणारा रकाना, तुमच्याच माणसाकडून तपासून घ्या.

वकिलाकडून नोटीस पाठवली आहे. उत्तर आलेलं नाही.