सांगलीचा हिरवा बेदाणा: एकच दाणा, पाच मिनिटं

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत सुरू केलेल्या माइंडफुलनेसच्या, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष देण्याच्या, आठ आठवड्यांच्या वर्गात पहिला धडा असतो एक बेदाणा लक्ष देऊन खाण्याचा. त्यासाठी आपल्या तासगावकडचा लांबट हिरवा बेदाणा फार सरस. साल पातळ, गर भरपूर, उभ्या सुरकुत्या ठळक; उजेडाकडे धरला की कडेने पोपटी चमकतो.

पिवळा नको. त्याला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. नाकाशी नेला की नुकत्याच ओढलेल्या काडीसारखा वास येतो आणि वास घेण्याची पायरीच वाया जाते.

घेताना मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओल जास्त, खडखडला तर जुना. देठ राहिलेले दाणे काढून टाका, जिभेला टोचतात. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडे करा.

आता एकच घ्या. मिनिटभर बघा, बोटांत फिरवा, कानाशी दाबा, वास घ्या, मग न चावता अर्धा मिनिट जिभेवर ठेवा. लाळ सुटते तीच वेळ अवघड! बहुतेक जण इथेच गिळतात, कारण हात सवयीने पुढच्या दाण्याकडे गेलेला असतो. म्हणून वाटी समोर ठेवूच नका. मग सावकाश एक चावा. आंबटगोड रस कुठे उतरतो ते बघा. मन ऑफिसात पळालं तर चिडायचं नाही, परत जिभेवर यायचं.

रोज एकेक दाणा धरला तर शंभर ग्रॅममध्ये चौघांचा महिना निघतो. बरणी फ्रीजमध्ये ठेवा, बाहेर हिरवा रंग तपकिरी पडतो.