रझांचा बिंदू की संतोष यांची गुहा : घरासाठी सममित अमूर्त चित्र निवडताना

घराच्या भिंतीसाठी सममितीत बांधलेले अमूर्त चित्र हवे असेल, आणि त्यात निसर्ग व देवस्थानाची शांतता दोन्ही असावीत अशी इच्छा असेल, तर भारतीय चित्रकारांत सैयद हैदर रझा आणि गुलाम रसूल संतोष या दोघांपाशी विचार थांबतो. दोघांनीही पुरुष-प्रकृती, शिव-शक्ती या कल्पना भूमितीच्या आकारांत मांडल्या, त्यामुळे पुस्तकात शेजारी छापलेली त्यांची चित्रे एकाच घराण्यातली वाटतात. प्रत्यक्षात दोघांच्या सममितीचे काम अगदी वेगळे आहे, आणि निवड करताना रंगसंगतीच्याही आधी हा फरक पाहावा, असे मला वाटते.

रझा यांचा जन्म १९२२ मध्ये मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. वडील वनखात्यात असल्याने बालपण नर्मदाकाठच्या दाट जंगलात गेले, आणि शाळेतील गुरुजींनी भिंतीवर काढलेल्या ठिपक्याकडे एकाग्र होऊन पाहायला सांगितल्याची आठवण ते आयुष्यभर सांगत राहिले. नागपूर आणि मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकून ते १९५० मध्ये फ्रान्सला गेले, तेथे अनेक वर्षे निसर्गचित्रे करत राहिले, आणि सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस बिंदू त्यांच्या कॅनव्हासच्या केंद्रस्थानी आला. या चित्रांत मोठे काळे वर्तुळ असते, त्याभोवती चौकोन, आडव्या पट्ट्या, वर-खाली टोके असलेले त्रिकोण येतात, आणि पंचमहाभूतांशी जोडलेले काळा, पांढरा, लाल, निळा, पिवळा हे रंग सपाट, ठाम लावलेले असतात. बिंदूतून ऊर्जा बाहेर पसरते, बीज रुजून जमीन फोडावे तशी. म्हणून हे चित्र लांबूनही ओळखू येते आणि दहा जण बोलत बसलेल्या दिवाणखान्यातही आपले स्थान सोडत नाही.

संतोष यांचा रस्ता उलट दिशेने जातो. श्रीनगरला १९२९ मध्ये जन्मलेले हे चित्रकार बडोद्यात चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे शिकले आणि काश्मिरी भाषेतील कवितेसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला. १९६४ मध्ये अमरनाथच्या गुहेत आलेल्या अनुभवानंतर त्यांची चित्रभाषा पालटली आणि काश्मिरी शैवदर्शन तिचा पाया झाले. त्यांच्या चित्राला मधोमध उभा अक्ष असतो, डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब असते, आणि त्या रचनेत ध्यानस्थ बसलेल्या देहाची आकृती हळूहळू दिसू लागते. चेहरा मात्र क्वचितच स्पष्ट होतो. रंग एकमेकांत इतके अलगद मिसळतात की प्रकाश चित्राच्या आतूनच येत आहे असे वाटते. पाहणारा गाभाऱ्यात शिरल्यासारखा आत ओढला जातो आणि त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. जेवणाच्या टेबलाशेजारी, येता-जाता नजर टाकण्यासाठी हे चित्र लावणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय.

मूळ चित्रे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहेत. रझा यांचे १९८३ चे ‘सौराष्ट्र’ २०१० मध्ये सोळा कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. त्यामुळे व्यवहारात प्रश्न मुद्राचित्राचा, म्हणजे छापील प्रतीचा उरतो. रझा यांचे सपाट रंग सेरिग्राफमध्ये, म्हणजे जाळीतून रंग गाळून केलेल्या छपाईत, चांगले उतरतात. सही आणि प्रतक्रमांक असलेली प्रत घेताना तिचा मालकीचा इतिहास लेखी मागावा, कारण २००९ मध्ये दिल्लीतील एका प्रदर्शनात स्वतः रझा यांनाच त्यांच्या नावावरची बनावट चित्रे भिंतीवर लागलेली दिसली होती. संतोष यांच्या छायाभेदांची हलक्या छपाईत फार हानी होते. प्रकाश मरतो आणि केवळ नक्षी उरते. त्यांची प्रत घ्यायचीच असेल तर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नये.

एकच चित्र घ्यायचे, खोली सर्वांच्या वावरातली आणि भरपूर उजेडाची, तर मी निःसंकोचपणे रझा सुचवेन. वाचनाची किंवा ध्यानाची स्वतंत्र खोली असेल, आणि चांगल्या छपाईसाठी थांबण्याची तयारी असेल, तर संतोष अधिक खोलवर साथ देतील. माझा स्वतःचा कल त्यांच्याकडेच आहे. ते चित्र लावताना त्याचा उभा अक्ष समोर बसणाऱ्याच्या अगदी सरळ रेषेत यावा आणि मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, कारण बाजूने पाहिल्यास ती सममिती उलगडत नाही.