16 जीबीचा म्युझिक प्लेअर, सात महिन्यांनंतर

खोक्यावर ठळक 16 जीबी आणि त्याखाली '4000 गाणी'. घरी येऊन विंडोजच्या कॉम्प्युटरला जोडला, तर एकूण जागा 12.7 जीबी. अजून एक गाणंही भरलं नव्हतं. पीस खराब आला असं वाटून मी परत करायला निघालो होतो.

नंतर शांतपणे हिशोब मांडला. कंपनी 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरते, विंडोज 1,07,37,41,824 बाइट धरतं. त्यामुळे 16 चे तिथेच 14.9 होतात. उरलेले सव्वादोन जीबी प्लेअरच्या स्वतःच्या सिस्टिमने अडवलेत. गंमत म्हणजे ताईच्या मॅकला हाच प्लेअर जोडला की 13.6 जीबी दिसतात, कारण मॅक 2009 पासून कंपन्यांसारखंच दहाच्या पटीत मोजतो. जागा तेवढीच, मापटं वेगळं. विंडोजवाल्या मापाला 1998 पासून 'गिबीबाइट' असं वेगळं नावही आहे, पण ते कोणाच्या तोंडात बसलेलं मी पाहिलं नाही.

तेव्हा पहिल्या फरकाबद्दल माझी तक्रार नाही, खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरात तो लिहिलेला आहे. सिस्टिम किती जागा खाते ते मात्र कुठेच नाही. खरा राग आहे तो त्या 4000 गाण्यांवर. चार मिनिटांचं गाणं, 128 केबीपीएस (म्हणजे गाण्याच्या दर सेकंदाला 128 किलोबिट), म्हणजे 3.84 एमबी. पूर्ण 16 जीबीला भागा, 4000 च्या थोडं वरच उत्तर येतं. म्हणजे सिस्टिमने खाल्लेली जागासुद्धा त्यांनी गाण्यांनी भरून टाकली! 2001 च्या पहिल्या आयपॉडची '1000 गाणी' 160 केबीपीएसने 5 जीबीत कशीबशी का होईना, बसत तरी होती.

माझा संग्रह 320 केबीपीएसचा आहे. त्या हिशोबाने इथे जेमतेम 1400 गाणी मावतात. त्यात मला मैफिलींची लांब रेकॉर्डिंगं लागतात. पन्नास मिनिटांचं एक रेकॉर्डिंग 120 एमबी, म्हणजे खोक्यावरची 31 गाणी एका दमात गेली. फ्लॅकचा (आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या, म्हणून मोठ्या फाईलींचा) नाद असेल तर 16 जीबीचा विचारही करू नका.

चौथ्या महिन्यात 'मेमरी फुल' यायला लागलं. दोन जीबी उडवले, तरी फुल. ते मी ताईच्या मॅकवरून उडवले होते, आणि मॅकवर डिलीट केलेलं प्लेअरवरच्याच एका लपलेल्या फोल्डरमध्ये पडून राहतं. प्लेअर जोडलेला ठेवून ट्रॅश रिकामा केला, तेव्हा जागा सुटली. हे कळेपर्यंत दोन संध्याकाळी गेल्या.

दुसरा चोर म्हणजे अल्बमची चित्रं. बारा गाण्यांच्या एका अल्बममध्ये प्रत्येक फाईलीत तेच 2 एमबीचं कव्हर चिकटवलेलं होतं. एवढ्याशा स्क्रीनवर त्याचा काय उपयोग? सगळी कव्हरं 500 पिक्सेलवर आणली, तर जवळजवळ 800 एमबी मोकळे झाले. आवाजात अर्थातच काही फरक नाही.

आता 64 जीबीचं कार्ड घातलंय (विंडोजवर 59 आणि वर काही, याचं आता आश्चर्य वाटत नाही). त्यावर गाण्याच्या शब्दांची फाईल 2 केबीची असली तरी 128 केबी अडवते, कारण कार्डावर जागेचा सगळ्यात लहान तुकडाच तेवढा आहे. शब्दांच्या हजार फाईली म्हणजे सव्वाशे एमबी. शब्द मी ठेवलेत, सोबत गुणगुणायला लागतात. आणि कार्ड काठोकाठ भरत नाही. एकदा भरलं होतं, तेव्हा प्लेअरला स्वतःची यादी लिहायलाही जागा उरली नाही आणि तो 'लायब्ररी अपडेट' वर वीस मिनिटं अडकून बसला.