‘बोर्ड उडालाय’ हे ऐकून कॅबिनेट हातात देऊ नका

पीसी अचानक बंद पडतो, पुन्हा लावला की पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. दुरुस्तीवाला घरी येतो, मीटर न लावताच ‘बोर्ड (म्हणजे सगळे पार्ट जोडणारा मदरबोर्ड) उडालाय’ म्हणतो आणि कॅबिनेट घेऊन जातो. दादरच्या एका घरी हेच झालं. बिल लागलं बोर्ड आणि एसएसडीचं, म्हणजे फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हचं; बोर्ड मात्र जुनाच, फक्त पुसलेला. ‘नव्या’ एसएसडीचे पॉवर ऑन अवर्स (एकूण चाललेले तास) क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये नऊ हजारांच्या वर, म्हणजे वर्षभर दिवसरात्र चालल्यासारखे. 3200 वेगाची रॅमही (काम चालू असतानाची मेमरी) जाऊन तिथे 2666 ची, कमी वेगाची आली होती.

मुळात काळी स्क्रीन म्हणजे बोर्ड गेला असं नाही. मुंबईच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो, संपर्क सुटतो. मेन स्विच बंद करून वायर काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. रॅम काढा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, भुगा झटका. रॅमचे चार स्लॉट (खाचा) असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्यात रॅमची एकच स्टिक क्लिक होईपर्यंत दाबा. ‘गेलेली’ म्हटलेली बरीच बोर्डं इथेच उठतात. दर वेळी पीसीची तारीख मागे जात असेल तर बोर्डवरचा 3 व्होल्टचा सीआर2032 हा नाण्यासारखा सेल बदला, तो किरकोळ पैशांत मिळतो.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय असेल तर 12 व्होल्टची लाइन मीटरने मोजायला लावा, तीही लोडवर, म्हणजे पीसी जोडून चालू असताना: 11.4 ते 12.6 च्या बाहेर गेली तर दोष तिथे. नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस ठीक, हे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजाराच्या गल्ल्यांतही सर्रास ऐकू येतं, पण ते चूक आहे.

न्यायला द्यायचंच असेल तर बोर्ड, रॅम आणि ड्राइव्हच्या स्टिकरचे सीरियल नंबर दिसतील असे फोटो काढा आणि तेच नंबर जॉबशीटवर (दुरुस्तीला दिल्याच्या पावतीवर) लिहून घ्या. परत आल्यावर रॅम सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये तपासा, तिथे रॅमवर नोंदलेली माहिती दिसते. टास्क मॅनेजरमधल्या वेगावर जाऊ नका, एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवायची बायोसमधली, म्हणजे बोर्डच्या मूळ सेटिंगमधली सोय) बंद असलं की खरी रॅमही कमी वेग दाखवते.

जुना पार्ट मागा. ‘तो कंपनीला जमा होतो’ हे वॉरंटीतल्या बदलीला लागू, रोख पैसे मोजून घेतलेल्या पार्टला नाही. दिला नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915, पण तिथे बिल हाताशी हवं.